सोनं पोकळ असतं, आबा!

किस्से मी जमवत नाही हो. मला तशी हौसच नाही. लोक नाणी जमवतात, पोस्टाची तिकिटं जमवतात. मी आपली सकाळी शाळेत जाते, संध्याकाळी घरी येते. पण डबा धुवायला पिशवी उघडावी, तर आत चमच्याबरोबर दोन-तीन किस्से पडलेलेच असतात! आता इतके साठलेत की कुणाला तरी वाटून टाकल्याशिवाय पिशवी हलकी व्हायची नाही. तुम्ही बसलाच आहात, तर घ्या.

मी जळगावात एका हायस्कूलला सायन्स शिकवते. माहेर धुळ्याचं. हे सगळे किस्से माझ्या शिक्षणसेवकाच्या तिसऱ्या वर्षातले. शिक्षणसेवक म्हणजे शिक्षकाची सगळी कामं करणारा, पण शिक्षक नसलेला प्राणी. तीन वर्षं मान खाली घालून काढायची. मग संस्थेचे अध्यक्ष फाईलवर सही करतात आणि तुम्ही कायम होता. सही झाली नाही, तर पुढच्या जूनमध्ये तुमच्या खुर्चीवर दुसरंच कुणीतरी बसलेलं असतं.

मला कायम व्हायचं होतं. लपवून काय करू, फार व्हायचं होतं! नाहीतर धुळ्याला भावाच्या स्पेअर पार्टच्या दुकानात बसून बिलं फाडायची होती, आणि आमच्या वहिनींनी माझ्यासाठी स्टूलसुद्धा बघून ठेवलं होतं. प्रेमळ आहेत फार.

आई रोज रात्री फोन करायची. जेवलीस का, तब्येत कशी, असलं काही नाही. पहिलाच प्रश्न, "कायम व्हयनी का व?"

सही करणारे आमचे अध्यक्ष म्हणजे आबा. सराफ बाजारात त्यांची पिढीजात पेढी. शिक्षणाबद्दल त्यांना अतोनात आदर, त्यामुळे ते त्याच्यापासून जरा लांबूनच राहिले. आणि त्या वर्षी माझ्या वाट्याला आली नववी 'ब' आणि अणूच्या संरचनेचा धडा. मी म्हटलं, बरं झालं! अणू बिचारा दिसत नाही, ओरडत नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तो माझं काय वाकडं करणार?

*

अणूचं एक जुनं मॉडेल आहे. ते मांडणाऱ्या साहेबाचं म्हणणं असं की अणू म्हणजे प्लम पुडिंग. धन प्रभाराचा एक गोळा, आणि त्यात मनुका रुतून बसाव्यात तसे ऋण प्रभाराचे इलेक्ट्रॉन.

आता नववी 'ब'मध्ये प्लम पुडिंग कुणी खाल्लंय? मी तरी कुठं खाल्लंय! मी म्हटलं, "पोरांनो, पुडिंग राहू द्या. शेवभाजी धरा. रस्सा म्हणजे धन प्रभार आणि शेव म्हणजे इलेक्ट्रॉन."

वर्ग खडबडून जागा झाला. मागच्या बाकावरून लगेच शंका आली, "मॅडम, शेव थोड्या वेळानं फुगते. मग इलेक्ट्रॉनपण फुगतात का?"

तेवढ्यात आमचे हेडसर दारातून चालले होते. हेडसर नुकतेच कसल्यातरी प्रशिक्षणाला जाऊन आले होते, त्यामुळे त्यांना दर दोन वाक्यांनी 'कृतियुक्त' व्हायचं. ते आत आले आणि म्हणाले, "नुसतं बोलू नका मॅडम. कृतियुक्त करा. उद्या प्रात्यक्षिक. फोटो काढा, ग्रुपवर टाका."

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत शेवभाजीचं पातेलं आलं. तर्री अशी की बघूनच घाम फुटावा. फोटो निघाले. हेडसरांनी एक हात पातेल्याकडे करून पोज दिली. मग पोरं गेली वर्गात आणि अणू गेला स्टाफरूममध्ये. कुणाकुणाच्या डब्यातून पोळ्या निघाल्या, कांदा निघाला, लिंबू निघालं. एवढ्या एकजुटीनं आमच्या स्टाफनं विज्ञानाचं काम आधी कधी केलं नव्हतं!

दुपारच्या तासाला मी पुढचा भाग घेतला. म्हटलं, "पुढे प्रयोग झाले आणि हे मॉडेल चुकीचं ठरलं."

दारात हेडसर रुमालाला हात पुसत उभे. त्यांचा चेहरा पडला.

"चुकीचं ठरलं? मॅडम, चवीला तर एकदम बरोबर होतं!"

*

आमच्या शाळेत पाटील मॅडम तीन. खान्देशातल्या कुठल्याही स्टाफरूममध्ये खडू भिरकावला तर तो पाटलालाच लागतो, त्यामुळे तीन म्हणजे कमीच म्हणायच्या. सायन्सची पाटील मी, मराठीच्या पाटील मॅडम, आणि गणिताच्या पाटील मॅडम.

मी पोरांना समस्थानिकं शिकवली. म्हणजे मूलद्रव्य तेच, प्रोटॉन तेवढेच, फक्त न्यूट्रॉन कमीजास्त, म्हणून वजन वेगळं. हायड्रोजनची तीन सांगितली. पहिल्यात न्यूट्रॉनच नाही, दुसऱ्यात एक, तिसऱ्यात दोन. तिसरं अस्थिर असतं, त्यातून किरण बाहेर पडतात.

चाचणीत प्रश्न टाकला, 'समस्थानिके म्हणजे काय ते उदाहरणासह स्पष्ट करा.' एका विद्वानानं लिहिलं, 'आपल्या शाळेत पाटील मॅडमची तीन समस्थानिके आढळतात. तिघींचे गुणधर्म सारखेच असतात पण वस्तुमान वेगवेगळे असते. पहिल्या हलक्या असतात. दुसऱ्या मध्यम असतात. तिसऱ्या जड असून अस्थिर असतात व त्यांच्यातून कधीही किरण बाहेर पडतात. त्यांच्यापासून सुरक्षित अंतर ठेवावे.'

उत्तर चोख होतं. मी पूर्ण मार्क दिले असते. पण त्या वेळी आमच्याकडे पेपर अदलाबदल करून तपासायची पद्धत होती, आणि तो गठ्ठा गेला होता गणिताच्या पाटील मॅडमकडे!

त्या स्टाफरूममध्ये आल्या त्या उत्तरपत्रिका फडकावतच. "मी जड? मी अस्थिर?" खिडकीजवळचे दोघं सुरक्षित अंतरावर सरकले. मी पाण्याची बाटली तोंडाला लावून बसले, कारण हसू आवरत नव्हतं आणि हसणं परवडणारं नव्हतं.

हेडसर समजूत घालायला धावले. "अहो मॅडम, पोरगं चुकलं. तुम्ही कशा अस्थिर? तुम्ही तर वीस वर्षांपासून कायम आहात!" मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "अस्थिर या आहेत."

त्या दिवशी डबा गोड लागला नाही. हेडसर वाईट नाहीत हो, पण खरं बोलायची त्यांना नको तेव्हा हुक्की येते.

*

यावलकडची काही पोरं आमच्या शाळेत येतात. वर्षातून निम्मे दिवस एसटीच्या नावानं उशीर करतात आणि निम्मे दिवस केळीच्या नावानं. त्यातला एक बाजीराव. त्याला पहिल्या दिवशी विचारलं, "मोठं होऊन काय होणार?" तर म्हणाला, "मोठाच."

प्रश्न होता, 'सोडियमचा अणू एक इलेक्ट्रॉन का देतो?' उत्तर सोपं आहे. सोडियमचे इलेक्ट्रॉन असे बसतात, आतल्या कक्षेत दोन, मधल्या कक्षेत आठ आणि सगळ्यात बाहेर एकटा एक. तो बाहेरचा एक देऊन टाकला की खाली आठाची भरलेली कक्षा राहते आणि अणू सुखात राहतो.

बाजीरावनं लिहिलं, 'घडाला खालची बारकी फणी तशीच ठेवली तर वरच्या फण्या पोसत नाहीत आणि व्यापारी घड नापास करतो. म्हणून सोडियम खालची फणी काढून टाकतो.'

मी अर्धा मार्क दिला. चांगुलपणाच केला असं मला वाटलं. तर तिसऱ्या दिवशी त्याचे वडील थेट शाळेत! पांढरा शर्ट, त्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग, हातात ती उत्तरपत्रिका.

"मॅडम, अर्धा मार्क काहून कापला? पोरानं बरोबरच लिहेल हाय. म्या सोता काढतो ना खालच्या फण्या."

"भाऊ, तुम्ही काढता. पण हा सोडियम आहे."

"मंग त्यानं काहून काढला?"

"बाहेरची कक्षा पूर्ण भरलेली राहावी म्हणून."

त्यांनी उत्तरपत्रिका परत एकदा डोळ्यांसमोर धरली. मग सावकाश म्हणाले, "म्हणजे वरचा माल चांगला राहाव म्हणून."

मी लाल पेन काढलं आणि उरलेला अर्धा मार्क देऊन टाकला. माणूस खूश झाला. जाताना दारातून वळून म्हणाला, "मॅडम, तुमच्या त्या सोडियमला सांगजा, काढेल फणी फेकू नको. ढोरं खातात."

*

हा बारका आहे. निष्क्रिय वायू शिकवत होते. हेलियम, निऑन, अरगॉन. यांच्या बाहेरच्या कक्षा भरलेल्या असतात, त्यामुळे ते कुणाला काही देत नाहीत, कुणाकडून काही घेत नाहीत, कशावर काही प्रतिक्रियाही देत नाहीत.

एक मुलगी म्हणाली, "मॅडम, म्हणजे कायम झालेले सर."

मी तिला रागवायला हवं होतं. पण मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले आणि मनात म्हटलं, देवा, मलापण एकदाचं निऑन कर रे!

*

मूलद्रव्य कोणतं ते प्रोटॉनच्या संख्येवर ठरतं, हे सांगत होते. म्हटलं, "सोन्यात एकोणऐंशी प्रोटॉन. पाऱ्यात ऐंशी. एकाचा फरक, पण एक अंगठीत बसतो आणि दुसरा थर्मामीटरमध्ये."

पहिल्या बाकावरच्या पोरीनं हात वर केला. "मॅडम, म्हणजे पाऱ्यातला एक प्रोटॉन काढला की सोनं?"

"हो."

आमची शाळा सराफ बाजारापासून चालत जायच्या अंतरावर आहे. तीन वर्षांत माझ्या वर्गात कधी पडली नव्हती एवढी शांतता पडली. ज्या पोरांना वही म्हणजे काय ते सांगावं लागायचं, ती पोरं पेन उघडून बसली!

"काढता येतो का मॅडम?"

म्हटलं, "येतो. पण प्रोटॉन असतो पार आत, केंद्रकात. इलेक्ट्रॉन नुसत्या घासण्यानंही निघतो, कंगवा केसांत फिरवला तरी निघतो. प्रोटॉन काढायला अवाढव्य यंत्रं लागतात, आणि निघालेल्या सोन्यापेक्षा विजेचं बिल मोठं येतं."

पेनांची टोपणं पटापट बंद झाली. ज्ञानाची तहान म्हणतात ती हीच.

संध्याकाळी शाळा सुटल्यावर हेडसरांनी मला ऑफिसात बोलावलं. बसा म्हणाले. शिपायाला चहा सांगितला, माझ्यासाठी! तीन वर्षांत पहिल्यांदाच. वाटलं, फाईलचं काहीतरी झालं. चांगलं तरी झालं, नाहीतर वाईट तरी झालं.

हेडसर उन्हाबद्दल बोलले. रस्त्याच्या खड्ड्यांबद्दल बोलले. मग दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"मॅडम, तो प्रोटॉन... बारीक चिमट्यानं नाही निघायचा?"

"नाही सर."

"अगदी बारीक, घड्याळवाल्याचा असतो तसल्या?"

"नाही सर."

मग त्यांनी ड्रॉवर ओढला, आतून प्रयोगशाळेचे सगळे थर्मामीटर काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "मग हे परत कपाटात ठेवून द्या."

*

आता मुख्य भानगड. अणूच्या आत काय आहे ते शोधायला एका शास्त्रज्ञानं सोन्याच्या अतिशय पातळ पत्र्यावर अल्फा कणांचा मारा केला. त्या शास्त्रज्ञाचं नाव मी इथं घेत नाही, कारण जळगावात एका पेढीवर ते नाव काढलेलं आजही चालत नाही.

पोरांना म्हटलं, "मिठाईवर वर्ख असतो ना, तसा सोन्याचा पत्रा. पत्रा म्हटला की आपल्याला वाटतं, कण अडकतील. पण बहुतेक सगळे सरळ आरपार गेले! काही थोडे वाकडे झाले. आणि अगदी क्वचित एखादा आल्या वाटेनं उलटा फिरला. यावरून काय कळलं? अणू जवळजवळ सगळा पोकळ आहे. मधोमध इवलंसं केंद्रक, सगळं वजन त्यात. बाकी लांबवर फिरणारे इलेक्ट्रॉन आणि मध्ये नुसती रिकामी जागा."

धडा छान रंगला. मी स्वतःवर खूश होऊन घरी गेले.

त्याच संध्याकाळी माझी एक विद्यार्थिनी आईबरोबर आबांच्या पेढीवर गेली. आईनं कानातलं पसंत केलं, आरशात बघितलं, पिशवीत हात घातला. तेवढ्यात लेक मोठ्यांदा म्हणाली, "आई, राहू दे. सोनं आतून पोकळ असतं. आमच्या मॅडमनी सांगितलं!"

आईनं कानातलं काढून ठेवलं. शेजारच्या बाईनं हातातली बांगडी ठेवली.

दुसऱ्या दिवशी आबा शाळेत हजर. एरवी ते फक्त झेंड्याला येतात. मला ऑफिसात बोलावलं. हेडसर माझ्या आधीच उभे होते, खुर्च्या रिकाम्या असून.

"मॅडम," आबा म्हणाले, "आमच्या पेढीवर आजोबांच्या काळापासून पोकळ माल भरीव म्हणून विकला गेलेला नाही."

"आबा, ते दागिन्याबद्दल नाही. अणूबद्दल आहे."

"अणू कशाचा? सोन्याचाच ना?"

"हो, पण..."

"मग झालं तर! हा प्रयोग केला कुठं त्या साहेबानं?"

"इंग्लंडात."

आबांचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी टेबलावर थाप मारली. "असं सांगा ना! अहो, तिकडचं सोनं नऊ कॅरेटचं. त्यातून कण जातीलच, म्हैससुद्धा जाईल! त्याला म्हणावं, जळगावचं सोनं लावून बघ. एक कण पलीकडे गेला तर मी पेढी बंद करतो!"

हेडसरांनी मान डोलावली. मी म्हटलं, "आबा, लोखंड घेतलं, चांदी घेतली, तरी हेच होणार. सगळेच अणू पोकळ असतात."

"मग लोखंडाचं शिकवा ना! लोखंडवाल्यांचं नाव घ्या! दिवाळी तोंडावर आलीये आणि तुम्ही नेमकं सोनंच धरून बसल्या!"

त्यांचं दुखणं मला कळत होतं हो. धनत्रयोदशीला आमच्याकडे माणूस गुंजभर का होईना, सोनं घेतोच. आणि सगळ्या गावाला बिथरवायला निघाली होती कोण, तर त्यांच्याच सहीवर जिचं पोट अवलंबून आहे ती बाई!

हेडसरांनी तोडगा काढला. स्टाफला नोटीस फिरली, 'यापुढे सदर प्रयोग शिकवताना सोने हा शब्द न वापरता एक धातू असे म्हणावे.' मी सही केली. दुसरं काय करणार? सहामाहीच्या पेपरातही तसंच छापलं, 'एका धातूच्या पत्र्यावरील प्रयोगाचे वर्णन करा.'

एकजात सगळ्या पोरांनी लिहिलं, 'अल्फा कण एका धातूच्या पत्र्यावर सोडले. तो धातू कोणता हे आबांनी सांगू नका म्हटले आहे.'

*

माझी फाईल आबांच्या पेढीवर गेली आणि तिथंच बसली. विचारायला गेलं की एकच उत्तर, "सोन्याचं वातावरण निवळू द्या, मग बघू." दिवाळीची सुट्टी संपली की फाईल शिक्षण विभागात पोचायला हवी होती. नाहीतर मुदत गेली, आणि धुळ्याचं स्टूल वाट बघत होतंच.

हेडसर म्हणाले, "धनत्रयोदशीला जा. त्या दिवशी आबा कुणाला नाही म्हणत नाहीत."

गेले. पेढीत पाय ठेवायला जागा नाही. झेंडूच्या माळा, पेढ्यांची ताटं, कापूस विकून आलेली खेड्यापाड्यांची माणसं. त्या वर्षी आबांनी पेढीत हिऱ्यांचं नवीन काउंटर काढलं होतं, काचेचं, आत मखमल अंथरलेली. आबा गादीवर बसले होते, आणि त्यांच्यासमोर धरणगावच्या एक अक्का. नऊवारी, डोक्यावर पदर, शेजारी नातू. नातवाचं लग्न ठरलं होतं आणि अक्का नातसुनेसाठी गळ्यातली सोन्याची पोत बघत होत्या. पोत हातात होती, पण अक्का ती नुसती तळहातावर वरखाली करत होत्या.

"भाऊ, मनी नात सांगस, सोनं पोकळ ऱ्हास. खरं शे का?"

आबांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा समोर मी! त्यांना काय वाटलं कोण जाणे, पण त्यांनी मोठ्यानं हाक मारली, "या या मॅडम! अक्का, ह्याच त्या मॅडम. यांनीच शिकवलं तुमच्या नातीला. आता यांनाच विचारा. सांगा मॅडम, सांगा सगळ्यांसमोर!"

आणि माझी फाईल त्यांनी गादीखालून काढून मांडीवर ठेवली. त्यावर पेन ठेवलं.

सगळी पेढी माझ्याकडे बघायला लागली. एक शब्द बोलायचा होता, 'भरीव'. बोलले असते तर विषय संपला असता, आईला फोन केला असता. तोंड उघडलंही होतं. पण मग त्या नातीचा चेहरा आठवला. धरणगावहून माझ्या वर्गात येणारी एकटी तीच, धनश्री तिचं नाव. पत्र्यातून कण आरपार जातात हे ऐकून तिचे डोळे असे मोठे झाले होते. घरी जाऊन आजीला सगळं समजावून सांगणारी माझ्या वर्गातली ती एकमेव पोरगी, आणि तिला मी खोटी पाडू? सगळ्या बाजारासमोर?

म्हटलं, "अक्का, धनश्रीनं बरोबर सांगितलं. सोनं आतून पोकळच असतं."

मागे कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. आबांनी पेनाचं टोपण लावलं.

"पण घाबरू नका," मी म्हटलं. "वजनात फसवणूक नाही. सगळं वजन मधल्या कणात असतं. काटा जेवढं दाखवतो तेवढंच खरं. आणि एकटं सोनंच पोकळ नाही. चांदी पोकळ, लोखंड पोकळ, ही भिंत पोकळ, मी पोकळ, तुम्ही पोकळ, हे आबापण पोकळ. सगळं जगच आतून असं आहे."

अक्कांनी माझ्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, आबांकडे जरा जास्त वेळ बघितलं. पोत तराजूवर ठेवली. मग त्यांनी पावतीवरच्या घडणावळीच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"बठ्ठंच पोकळ शे ना? मंग तुनी मजुरीच तेवढी भरीव कसाले शे रे भाऊ?"

पेढी हसली, अहो, अशी हसली की बाहेरचा फुलवाला आत डोकावला! लगेच पलीकडच्या काउंटरवरचा एक जण म्हणाला, "खरं शे, आमनीबी मजुरी कमी करा." दुसरी बाई पावती घेऊन परत फिरली. एक आजोबा मला विचारायला लागले, "मॅडम, चांदीबी पोकळ सांगितली ना तुम्ही? जरा इकडं येऊन या काउंटरवाल्याला सांगा." माझ्याभोवती घोळका जमला. मी आपली मास्तरीण, कुणी प्रश्न विचारला की उत्तर द्यायची सवय. देत सुटले.

आबा घामाघूम. गर्दीतून त्यांचा आवाज आला, "मॅडम, तुमचं काय काम होतं?"

"सही होती, आबा. सही झाली की मी लगेच निघते."

"आणि नाही झाली तर?"

"मग काय, बसते इथंच. सुट्टीच आहे."

त्यांनी टोपण काढलं आणि सही केली. जिथं करायची तिथं केली, जिथं नव्हती करायची तिथंही केली. फाईल माझ्या हातात कोंबली. मी ती छातीशी धरली आणि खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. धनश्रीच्या आजीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "जाय माय, दिवाळी कर."

मी दारापर्यंत पोचले, तर मागून आबांनी परत हाक मारली. ते गादीवरून उठून माझ्यापाशी आले, घोळक्यापासून मला जरा बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "मॅडम, सुट्टीनंतर नववीला कोणता धडा आहे?"

"कार्बन, आबा."

"कार्बन म्हणजे?"

"कोळसा, काजळी, पेन्सिलीतलं शिसं. असलंच सगळं."

"शिकवा, शिकवा. मोकळेपणानं शिकवा," आबांनी सुटकेचा श्वास सोडला आणि ते हिऱ्यांच्या काउंटरवरचे दिवे लावायला गेले.